सोमारीचं अभिप्राय पत्रक

"बाई, माही पोरगी तुमच्याकडंच आहे न?"

एसटीतून उतरलेल्या फरहाला कोसमटोल्याच्या अभ्यासकेंद्राच्या फाटकातच लालसूनं गाठलं. दोन हजार सात साल, वीस मे, रविवार. सकाळी नऊलाच ऊन डोळ्यांत घुसत होतं. लालसूचा सदरा पाठीवरच्या वळांना चिकटला होता.

"सोमारी? मागच्या रविवारी वर्गात होती की. काय झालं, लालसूभाऊ?"

"तवापासून घरी आलीच नाई. सोमवारी ठाण्यात गेलो, तं म्हणे पोरगी नक्षल्यांच्या दलमात गेली. कुठी आहे सांग म्हणून दोन दिवस मलेच हाणलं."

फरहा गडचिरोलीच्या कॉलेजात शिकवायची. विद्यापीठानं जंगलातल्या मुलांसाठी नवी पद्धत काढली होती. अर्धे धडे केंद्रातल्या कॉम्प्युटरवर, अर्धे रविवारी समोरासमोर. मुलं त्यात रमतात का, समाधानी आहेत का, हे कळावं म्हणून छापील पत्रक भरून घ्यायचे. सोमारी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. बारा किलोमीटर चालत यायची आणि फरहाला प्रश्नांनी भंडावून सोडायची.

केंद्रप्रमुख गुरनुले सरांनी लगेच फाईल काढली.

"मॅडम, पोरगी खुश होती. हे तिचं पत्रक. तेरा तारखेचं."

पंधराही प्रश्नांपुढं एकच खूण होती, 'पूर्ण समाधानी'. खाली सोमारीची सही.

"वर्ग एकला सुटला. मी बसनं गेले. पुढं?"

"चार ते पाच ती कॉम्प्युटरवर बसली. नोंद आहे. मी तर दीडलाच गडचिरोलीला लग्नाला गेलो. सुनिलला विचारा."

सुनिल कॉम्प्युटरची खोली सांभाळायचा. त्यानं मान वर केली नाही.

"हो मॅडम. पाचला गेली."

"कोणासंगं?"

"एकटीच."

"हाताला रंग कसला?"

"गोदामाचं दार रंगवलं."

केंद्राच्या भिंतींना तीन वर्षांत चुना लागला नव्हता. गोदामाचं दार मात्र आतूनबाहेरून हिरवंगार चकाकत होतं.

फरहा समोरच्या बाबूभाईच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली.

"बाबूभाई, मागच्या रविवारी दुपारी लाईट होती का?"

"कुठची मॅडम! दर इतवारी दोन ते सहा लाईट जातेच. मशीन बंद करून मी झोपतो."

"केंद्रात इन्व्हर्टर आहे न?"

"त्याची बॅटरी होळीपासून बल्लारपूरले दुरुस्तीत पडली आहे."

फरहानं तिथूनच ठाण्यात फोन लावला. फौजदार आले ते कुरकुरतच.

"बाई, हे दलमाचं प्रकरण आहे. तुम्ही कायले मधात पडता?"

"दोन मिनिटं ऐका." तिनं पत्रक टेबलावर ठेवलं. "तेरा तारखेला मी वाटली ती जुनी पत्रकं होती, बारा प्रश्नांची. हे पंधरा प्रश्नांचं आहे. नवी पत्रकं बुधवारी, सोळा तारखेला मी स्वतः गठ्ठे बांधून पाठवली. मग सोमारीनं हे तेराला कसं भरलं? चार ते पाच लाईटच नव्हती, मग कॉम्प्युटर कोणता चालला? ती इथून बाहेर पडलीच नाही, साहेब."

गुरनुले हसले. "नजरचूक झाली असेल."

फरहानं बाबूभाईकडून आणलेलं कागद कापायचं पातं गोदामाच्या दारावर, आतल्या अंगानं, खालून हातभर उंचीवर घासलं. हिरवा रंग सुटला. खाली लाकडात नखांचे ओरखडे होते. एकाशेजारी एक, खोल.

सुनिल दारापाशीच खाली बसला.

"तिनं पत्रकात खरं लिहिलं होतं न मॅडम. आठातला एकच कॉम्प्युटर चालते, तोही साहेब लोक आले का. पहिल्या नंबरचं केंद्र म्हणून आपलं नाव लागणार होतं. सर म्हणे, दुसरं लिहून दे. सोमारी नाई म्हणे. तं सरांनी तिले कोंडलं. म्हणे, लिहून देते म्हणन तवाच उघडीन. अन् चाबी घेऊन लग्नाले गेले."

"वर टिनाचं छप्पर. मे महिना." फरहानं वर बघितलं. "पाणी?"

"सर म्हणे, द्यायचं नाई."

"सर कधी आले?"

"सोमवारी सकाळी. उघडलंच नाई. म्हणे, अजून मस्ती आहे. मंगळवारी उघडलं तं ते थंड पडली होती. मागच्या कोरड्या विहिरीत टाकली आम्ही."

गुरनुले ओरडले, "मी काय मारलं का तिला? शिस्त लावत होतो! एका पोरीपायी सगळं केंद्र बदनाम करायचं?"

फौजदारानं त्यांचं मनगट धरलं. लालसूच्या पाठीकडं मात्र त्याला बघवेना.

लालसू सुनिलच्या समोर उकिडवा बसला.

"सोमवारी ठाण्यात जायच्या आंधी मी इथीच आलतो. सर म्हणे, कालच गेली. तरी या पायरीवर घंटाभर बसलो. तवा माही पोरगी जित्ती होती?"

सुनिल उठायला लागला. फरहानं त्याचा दंड धरून हलवला.

"होती," तो म्हणाला. "दार ठोकत होती. तुमाले ऐकू येईन म्हणून सर म्हणे, कॉम्प्युटरवर धडा लाव, मोठ्या आवाजात."

लालसूनं पायरीकडं बघितलं.

"ऐकला मी तो धडा," तो म्हणाला. "मनात म्हटलं, आपली सोमारी असंच काही शिकत असन. बरं वाटलं मले. म्हणून तं घंटाभर बसलो."