सारवलेला कोपरा

झेंडूच्या रोपावर पाय वर करून रॉबिन अगदी शांतपणे उभा होता, आणि कुमुदिनी साखळी ओढून ओढून लाल झाली होती.

"अरे चल ना मेल्या... इथं नको, पुढं चल!"

तेवढ्यात फाटक करकरलं. हातात पाण्याची झारी घेऊन एक उंच तरुण बाहेर आला. अंगात साधी बंडी, डोळ्यांत झोप.

"राहू द्या," तो म्हणाला. "मी पाणी घालणारच होतो. त्यानं अर्धं काम केलं."

कुमुदिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू लपत नव्हतं, आणि ते पाहून तिलाही हसू फुटलं. कार्तिकातली थंडी, अंबरनाथच्या डोंगरावरून उतरलेलं धुकं... आणि ओळख झाली ती ही अशी. याहून बरी जागा मिळाली नाही का हो, असं कुणीही विचारील. नाही मिळाली, त्याला काय करणार!

तो गुरुदत्त. कारखान्यात नकाशे काढायच्या खात्यात नुकताच लागलेला, मूळचा देवरूखचा. आणि रॉबिन? तो कारखान्यातल्या गोऱ्या साहेबाचा कुत्रा. साहेब विलायतेला परत गेला तेव्हा जाताना त्यानं तो कुमुदिनीच्या वडिलांच्या, विष्णुपंतांच्या हवाली केला होता. कुत्रा गुणी, पण शिस्त साहेबाची. काहीही झालं तरी कुंपणाच्या आत घाण करायची नाही! पोट फुगो, पाऊस कोसळो, साखळी लावून बाहेर नेल्याशिवाय बेटा पाय वर करत नसे. विष्णुपंतांचे गुडघे धरल्यापासून हे काम कुमुदिनीकडे आलं होतं.

त्या दिवसानंतर रॉबिनला झेंडूचीच जागा आवडू लागली. झेंडूला रोज पाणी लागतं, हेही गुरुदत्तला त्याच सुमाराला कळलं.

"आज उशीर?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"झेंडू वाट बघत होता."

"झेंडूच ना?"

"...झेंडूही."

एवढंच व्हायचं. मग कारखान्याचा भोंगा व्हायचा, तो आत पळायचा आणि ती घरी. पण दिवसभर पोळ्या लाटताना ते 'ही' तिच्या कानात घोळत राहायचं.

कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये भिंतींना कान नसतील, पण खिडक्यांना डोळे होते. एका संध्याकाळी विष्णुपंत चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "कुमे, उद्यापासून हे हिंडणं बंद करायचंय. लग्नाची मुलगी रोज पहाटे कुत्रं घेऊन रस्त्यानं... लोक बोलतात. रॉबिनला अंगणातच विधीला बसायची सवय लावू. तो नवा मुलगा आहे ना, गुरुदत्त? त्याच्या घरी चार-चार कुत्री होती म्हणे. त्यालाच बोलावलंय."

झालं! ज्याला भेटायला जायचं, तोच भेट बंद करायला येणार होता.

गुरुदत्त आला. कुमुदिनीकडे न बघता त्यानं कामाला हात घातला. झेंडूपाशी रॉबिन जिथं बसे तिथली माती त्यानं घमेल्यात भरून आणली होती. ती त्यानं जास्वंदीमागच्या कोपऱ्यात पसरली.

"काकू, तुम्ही रोज सारं अंगण सारवता. ओल्या शेणावर पाय पडला की त्याला ओरडताही," तो कुमुदिनीच्या आईला म्हणाला. "त्याच्या लेखी सारवलेली जमीन म्हणजे घर. हा कोपरा तेवढा सारवू नका. सकाळी उठल्या उठल्या त्याला इथं आणा, गप्प उभ्या राहा. केलं की शाबासकी द्या. आपसूक शिकेल."

आईनं कबूल केलं, आणि पाळलंही. पण रॉबिन शिकेना. कोपऱ्यापर्यंत जायचा, वास घ्यायचा, मागं सरायचा आणि फाटकाकडे बघून केविलवाणा कण्हायचा. शेवटी कुमुदिनीलाच साखळी घ्यावी लागे.

"अजब आहे बुवा," विष्णुपंत म्हणाले. त्यांनी गुरुदत्तला पुन्हा बोलावलं.

गुरुदत्त कोपऱ्यात उकिडवा बसला. मातीवर शेणाचा पातळ हात फिरलेला होता, आणि त्यात चार बारीक बोटं स्पष्ट उमटली होती. त्यानं मान वर केली. दारात कुमुदिनी उभी होती. तिनं झटकन हात पदराआड घेतले, पण नखांतलं शेण त्याला दिसायचं ते दिसलंच.

आता सांगणार हा!

"काय म्हणता?" विष्णुपंतांनी विचारलं.

"जातीचा हट्टी आहे," गुरुदत्त उठत म्हणाला. "थोडे दिवस लागतील अजून."

पण विष्णुपंतांचा धीर संपला होता. "छे! पुरे झालं. मोरिवलीचा महिपती शेतावर राखणीला कुत्रं मागतोय. रविवारी गाडी घेऊन येऊ दे त्याला."

रॉबिननं कान टवकारले आणि शेपटी हलवली. त्या बिचाऱ्याला काय कळणार! कुमुदिनी आत गेली आणि तांदळाच्या डब्याआड तोंड लपवून मनसोक्त रडली.

सकाळी झेंडूपाशी गुरुदत्त झारी न घेताच उभा होता.

"आज कोपऱ्याला हात लावू नका," तो हळूच म्हणाला. "नाहीतर जाईल तो."

"तुम्ही... बाबांना सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं, तर रॉबिन शिकला असता."

"मग?"

"मग हा रस्ता..." तो अडखळला. "मी रोज कुणाची वाट..."

भोंगा झाला. मेला नेमका तेव्हाच! बोलणं अर्धंच राहिलं.

त्या संध्याकाळी कुमुदिनीनं शेणाला हात लावला नाही. गुरुदत्तनं आणून दिलेली नवी माती तिनं स्वतःच कोपऱ्यात पसरली. स्वतःच्या हातानं स्वतःची वाट बंद करतेय, हे तिला पुरतं कळत होतं. पण रॉबिनला गाडीला बांधून नेताना बघणं तिच्यानं झालं नसतं.

सकाळी रॉबिन कोपऱ्यात गेला. वास घेतला. गोल फिरला... आणि बसला.

"शाब्बास रे वाघा!" विष्णुपंत ओरडले. आईनं त्याला भाकरीवर तूप घालून दिलं. रविवारी महिपती चहा पिऊन रिकाम्या गाडीनं परत गेला. साखळी दाराच्या खुंटीला लागली आणि कुमुदिनी फाटकाकडे बघायचीसुद्धा बंद झाली. घरात सगळे खूश होते. तिला मात्र घास गोड लागत नव्हता.

त्याच रविवारी संध्याकाळी गुरुदत्त आला. इस्त्रीचा सदरा, विंचरलेले केस.

"या, या! तुमचे उपकार झाले बुवा," विष्णुपंत म्हणाले.

"मी रॉबिनला फिरायला न्यायला आलो होतो."

"आता कशाला? त्याचं सगळं अंगणातच होतंय की!"

"त्याला नाही लागत आता." गुरुदत्तचे कान लाल झाले. "मला लागतं. आणि... कुमुदिनी बरोबर असतील तर. रोज. म्हणजे... जन्मभर."

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. विष्णुपंतांनी मुलीकडे बघितलं. ती आतल्या दाराची चौकट धरून उभी होती, मान खाली, पण चेहऱ्यावर सगळं लख्ख लिहिलेलं. मग ते गुडघ्यावर हात टेकत उठले.

"देवरूखला तुमच्या वडिलांना भेटायला मी कधी जावं म्हणता?" असं म्हणून त्यांनी खुंटीवरची साखळी काढली आणि कुमुदिनीच्या हातात दिली. "दिवेलागणीच्या आत परत या हं."

दोघंही रॉबिनमागून रस्त्याला लागली. झेंडू आता भरभरून फुलला होता. गुरुदत्तचं फाटक उघडंच होतं. रॉबिननं साखळीला हिसका दिला, थेट आत घुसला आणि अंगणाच्या मधोमध ऐसपैस बसला.

"अगं बाई!" कुमुदिनी कासावीस झाली. "इतकं शिकवून पुन्हा परक्याच्या..."

"परक्याच्या कुठं?" गुरुदत्त हलकेच म्हणाला. "आपल्याच अंगणात बसलाय ना?"