बदलत्या उपसर्गांचा माणूस

नकाशांच्या त्या कार्यालयात प्रेमाला पोषक असं काहीच नव्हतं. एकुलती एक खिडकीसुद्धा समोरच्या भिंतीकडे उघडायची. तरीही वरच्या मजल्यावरचा नवा माणूस जिन्यात, तिथे प्रोग्राम लिहिणाऱ्या तिच्यावर आदळला, "सॉरी" म्हणाला आणि हसला. तिला लगेच संशय आला. विनाकारण हसणाऱ्याकडून काडेपेटीही उसनी घेऊ नये, असं तिच्या आईचं मत होतं.

तो डोंगरांची माहिती भरलेल्या एक्सएमएल फाइली पाठवायचा. तिचा प्रोग्राम त्यांतून उंची वाचायचा. तीन आठवडे सगळं सुरळीत. फाइलीत 'उंची'आधी 'न' हा उपसर्ग लावून 'न:उंची' असे, प्रोग्राम नेमकं तेच शोधी. चौथ्या सोमवारी 'प:उंची' आलं आणि नकाशावरचे सगळे डोंगर सपाट! बुधवारी 'क्ष:उंची'. दर वेळी हा पाच मिनिटांत हजर — "काही अडचण?"

शुक्रवारी तिच्या प्रोग्रामची चाचणी होती. त्यात डोंगर सपाट निघाले, की तिची सहा महिन्यांची मेहनत केराच्या टोपलीत.

गुरुवारी तिने त्याला खिंडीत गाठलं.

"उपसर्ग मुद्दाम बदलता ना?"

"...हो."

इतक्या सरळ कबुलीने तिचा संशय दुप्पट झाला.

"माझा प्रोग्राम पाडायला?"

"छे हो! फाइल नीट चालली, की तुम्ही मान वरच करत नाही. तीन आठवडे वाट पाहिली मी..."

"कान लाल झालेत तुमचे."

"ते... जन्मापासूनच तसे आहेत."

मग त्याने खुर्ची ओढली. "हे बघा, 'न' काय नि 'प' काय, नुसती टोपणनावं. खरी ओळख म्हणजे फाइलीच्या डोक्यावरचा हा नेमस्पेसचा, म्हणजे या नावांच्या मूळ घराचा, लांबलचक पत्ता. तो मी कधीच बदलला नाही. हा पत्ता आणि 'उंची', दोन्ही देऊन ॲट्रिब्यूट, म्हणजे ती नोंद, मागा. मग उपसर्ग कुठलाही असो."

तिने तसं लिहिलं. डोंगर एकापाठोपाठ एक उभे राहिले.

"पायावर धोंडा मारून घेतलात की! आता खाली यायला कारण काय उरलं?"

"काहीच नाही. पण उद्या तुमची फजिती... ती बघवली नसती."

तिने त्याच्या चेहऱ्यावर बराच वेळ लबाडी शोधली. सापडली नाही. हेही संशयास्पदच होतं.

"उद्या चाचणी संपली की ये," ती पडद्याकडे बघत म्हणाली.

"काय काम सांगून येऊ?"

"काम सांगितलंस, तर मला संशय येईल."