अकराव्या गाण्याचा लाल स्टिकर

सकाळी निगडीहून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये मिनलला खिडकीची जागा मिळाली, पण शेजारी नेमका एक अनोळखी तरुण येऊन बसला. ती एका कानात इअरफोन घालून, गाणं दहा-दहा सेकंद मागे नेत, वहीत गिटारचे कॉर्ड्स उतरवत होती. 'पाणंद' हा तिचा लाडका लोकगीतांचा बँड, आणि त्यांच्या गाण्यांचे कॉर्ड्स कुठेच धड मिळत नव्हते.

"तिसऱ्या ओळीत जी कॉर्ड नाहीये," शेजारचा वहीत डोकावून म्हणाला. "ई मायनर आहे."

"तुम्हाला कुणी विचारलं?"

"कुणी नाही... पण चुकलंय ते."

चुकलंच होतं, खरा वैताग तोच.

तो नागसेन, स्वतःही गिटार वाजवणारा. कंपनीत क्वालिटीला. दिवसभर सुट्या भागांवर स्टिकर लावायचा – हिरवा म्हणजे पास, पिवळा म्हणजे दुरुस्ती, लाल म्हणजे रिजेक्ट. ही खोड बसमध्येही सुटेना. दुसऱ्या दिवसापासून मिनलच्या वहीच्या पानांवर स्टिकर पडायला लागले.

"मी काय गिअरबॉक्स आहे का?" ती धुसफुसायची. आणि तरी रोज शेजारच्या जागेवर आपला डबा ठेवून त्याच्यासाठी जागा धरायची. याचा तिला स्वतःचाच राग यायचा.

दोन महिन्यांत दहा गाणी हिरवी झाली. अहोजाहोचं अरेतुरे कधी झालं, कळलंही नाही. तेवढ्यात 'पाणंद'नं जाहीर केलं: कॉर्ड्सच्या वह्या पाठवा, सगळ्यात चांगली आमच्या पेजवर लावू, मुदत सोमवारपर्यंत. मिनलला झोप लागेना. पण वहीतलं अकरावं, शेवटचं गाणं, 'घोंगडी', शेवटच्या ओळीपाशी अडून बसलं. तिनं सी लिहिला – लाल. एफ – लाल. डी मायनर – तोही लाल.

"मग आहे तरी काय?"

"परत ऐक ना..." म्हणत त्यानं तिचा एक इअरफोन स्वतःच्या कानात घातला. चाकणच्या चौकात कांद्याच्या ट्रकमागे बस अर्धा तास अडकली. त्याचा खांदा तिच्या खांद्याला टेकलेला, आणि तिला गाण्यातलं काही म्हणता काही ऐकू येईना.

तिनं चिडून वही मिटली. स्वतःच्या कानांवरचा तिचा विश्वास उडाला होता. चुकीचं पान ती पाठवणार नव्हती.

शनिवारी संध्याकाळी 'पाणंद'चा चिंचवडला कार्यक्रम होता. तिसऱ्या रांगेतून मिनल गिटारवाल्याच्या बोटांकडे टक लावून बसली. शेवटची ओळ आली. सी. तिनं पहिल्यांदा लिहिलेला, अगदी तोच.

सोमवारी नागसेन बसमध्ये चढला तेव्हा डबा जागेवर होता. तिनं तो उचलला नाही.

"सीच होता," ती म्हणाली.

तो दांडा धरून उभाच राहिला. "हो."

"आज मुदत संपतेय. तुझ्यामुळे मी वही पाठवणारच नव्हते. का केलंस असं?"

त्यानं उजवा हात पुढे केला. बोटाच्या टोकाला हिरवा स्टिकर होता, घरूनच काढून आणलेला. "आज लावणारच होतो. पण शेवटचं गाणं ते... पास केलं की वही संपली. मग मी इथं कशाच्या निमित्तानं बसणार?"

"एवढं सांगायला तीन लाल स्टिकर?"

"मला तुझी... म्हणजे तुझी वही..."

मिनलनं त्याच्या खिशातल्या स्टिकरच्या पट्टीतला पिवळा काढून सरळ त्याच्या छातीवर चिकटवला. "दुरुस्त कर."

मागच्या सीटवरची बडबड थांबली. नागसेनचे कान लाल झाले.

"तू आवडतेस मला, मिनल."

तिनं हिरवा स्टिकर पानावर लावला, अकराही पानांचे फोटो काढले आणि 'पाणंद'ला पाठवून दिले. तो अजून उभाच होता.

"मग... मला हिरवा?"

"इतक्यात नाही," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. हसू लपवायला दुसरी जागाच नव्हती. "तपासायला वेळ लागेल. रोज बसावं लागेल."

आणि तिनं डबा उचलून मांडीवर घेतला.