मुकुंदसकट

सौंसरहून पांढुर्ण्याला जाणारी सोमवारची पहिली बस चुकली, की मास्तरीणबाईंचा अर्धा दिवस गेलाच म्हणायचा. म्हणून मालती लवकर येऊन खिडकीची जागा धरायची. चौऱ्याऐंशीचं साल, श्रावणाची झड लागलेली. बस गच्च भरली होती. उभ्यानं आपलं ओझं बसलेल्याच्या मांडीवर द्यायचं, हा इकडचा रिवाजच. शेजारी उभ्या असलेल्या उंच, सावळ्या माणसानं टॉवेलात गुंडाळलेली फोटोची फ्रेम पुढे केली, आणि तिनं ती घेतली.

“जरा धरता का?”

“काय आहे यात?”

“दोस्त आहे माहा.”

“बरं आहे. दोस्त तुमचा आन् मांडी माही!”

तो हसला नाही. नुसता बघत राहिला... आणि मालतीनं उगाचच पदर सारखा केला.

वाटेत जयभीम झाला, गावं निघाली. तो देवीदास, बोरगावचा. बारा वर्षं नेव्हीत काढून परतला होता आणि आता बापाची संत्र्याची लहानशी बाग पाहत होता. लग्न? ते नाही केलं, म्हणाला, आणि बाहेर पाऊस पाहू लागला. पांढुर्णा आलं, एकच रेटारेटी झाली, आणि बघते तर माणूस नाहीसा. फ्रेम तिच्याच मांडीवर!

खोलीवर येऊन तिनं टॉवेल सोडला. पांढऱ्या गणवेशातले दोन खलाशी. एक देवीदास. दुसरा कोणी हसरा पोरगा, गालाला खळी पडलेला.

पुढच्या सोमवारी देवीदास बसमध्ये हजर.

“तुमची फ्रेम राहिली न माह्याजवळ.”

“असू द्या. पुढच्या सोमवारी नेतो.”

पुढच्या सोमवारीही तेच. मालती काही दूधखुळी नव्हती.

“पांढुर्ण्यात काम असते वाटते तुमाले?”

“नाही.”

“मंग काहून येऊन राहिले दर सोमवारी?”

“बस... चांगली आहे.”

बस ठिकठिकाणी गळत होती. मालती त्या दिवशी वर्गात पाढे घेतानाही हसत होती. प्रेमातच पडली होती ती, दुसरं काय! दोस्ताच्या फोटोचं निमित्त करून भेटायला येणारा माणूस कोणाला आवडणार नाही?

फक्त एक गोष्ट तिला कळत नव्हती. ज्या भिंतीला ती फ्रेम टेकवून ठेवली होती, तिथली जमीन रोज सकाळी ओली असायची. कौलं फुटली असतील, असं म्हणून ती पुसून टाकायची.

पंधरा ऑगस्टला हेडमास्तर रघुनाथरावांना शाळेत जवानाचा फोटो हवा होता. मालतीनं फ्रेम नेली. सरांनी झेंडूचा हार उचलला, तशी ती पुढे झाली.

“सर, जिवंत माणसाच्या फोटोले हार नसतात घालत.”

“दोघंही जिवंत आहेत, हे तुमाले कोणं सांगितलं?” सर म्हणाले, आणि हार घालून मोकळे झाले.

 हार दोघांवरून घातला होता, पण हळूच सरकला आणि त्या खळीवाल्या पोराच्या गळ्यापाशी जाऊन थांबला. तिनं सरळ केला. तो पुन्हा तिथंच गेला. खिडक्या तर बंद होत्या.

खाऊ घेऊन पोरं पांगली. टेबलाखाली पाणी साचलं होतं. वर छत कोरडं ठणठणीत. मालतीनं बोट बुडवलं आणि का कोण जाणे, जिभेला लावलं. खारट.

“समुद्राचं आहे,” दारातून आवाज आला.

देवीदास उभा होता. झेंडावंदनाचं त्याला तिनंच बसमध्ये सांगितलं होतं.

“ती फ्रेम मी विसरलो नव्हतो,” तो म्हणाला. “जाम नदीत सोडाले चाललो होतो. घरी रोज असंच पाणी साचे, माय भेत होती न. पण तुमच्या मांडीवर ती कोरडी राह्यली... म्हणून ठेवून पळालो.”

मालतीला आधी भीती वाटली नाही, रडू आलं. इतके सोमवार ती काय समजत होती!

“म्हणजे तुमी माह्यासाठी येतच नव्हते. दोस्ताचं भूत माह्या गळ्यात मारलं, झालं!”

 तिनं डोळे पुसले आणि फोटोकडे बोट केलं.

“नाव काय त्यांचं?”

देवीदास चमकला. “मुकुंद... वेंगुर्ल्याकडचा. लोक माह्यासाठी शाली घेऊन येतात, जहाज केवढं होतं विचारतात. त्याचं नाव आजवर कोणी विचारलं नाही. तुमीच पयल्या.”

मग तो बोलत गेला. एकाहत्तरच्या लढाईत त्या संध्याकाळी जहाजाच्या तळातली पाळी देवीदासची होती. अंगात ताप होता. मुकुंद म्हणाला, तू पड, मी जातो. जहाजाला तडाखा बसला. वर होते ते पाण्यात फेकले गेले, काही वाचले. तळात होते त्यांतलं कोणीच वर आलं नाही.

“सत्काराच्या खुर्चीत कसा बसू मी? खुर्ची त्याची आहे. आन् लग्न केलं तर माह्यासोबत तोही येईन. कोणत्या पोरीनं पत्करावं असं सासर?”

मालतीनं फोटोतल्या त्या खळीकडे पाहिलं.

“पयल्या सोमवारी त्याले ठेवाले आलो होतो,” देवीदास खालच्या आवाजात म्हणाला. “बाकीचे सगळे सोमवार... तुमच्यासाठी. आता नेतो फ्रेम. खरंच नेतो.”

त्यानं फ्रेम उचलली. कडेवरून थेंब ओघळून त्याच्या बाहीवर पडले. तो दाराकडे वळला, आणि मालतीनं दुसरं टोक धरलं.

“ठेवा ती इथंच.”

“भेव नाही वाटत?”

“वाटते न. बहुत वाटते. पण तुमी एकट्यानं भेत बसण्यापरीस... आपण दोघं मिळून भेऊ.”

तो बघत राहिला आणि हसला. मालतीनं त्याला हसताना पहिल्यांदाच पाहिलं. तिलाही हसू आलं. रिकाम्या वर्गात मात्र तिघांचं हसू ऐकू आलं. मालतीनं मागे वळून पाहिलं नाही. तिनं देवीदासचा हात धरला, घट्ट, आणि तो सोडला नाही.