प्रार्थना सांगणारी मुलगी

लाँचमधून तो उतरला आणि थेट माझ्याच समोर येऊन उभा राहिला. पाऊस होता... चिली देशातल्या आमच्या चिलोएच्या बेटांवर असतो तसा, बारीक आणि तिरका. टोपीवरून पाणी गळतंय, खांद्यावर पिशवी, आणि डोळे मात्र हसरे.

"दोमितिला बार्रीआंचं घर कुठलं हो?"

मी टेकडीकडे बोट केलं.

"टेकडीच्या अलीकडे की पलीकडे?"

मी हातानंच दाखवलं — पलीकडे.

"बरं. वाटेत कुत्रा?"

मी मान डोलावली. आहे.

"चावतो?"

मी खांदे उडवले.

"अहो बाई, तुम्हाला बोलता येत नाही... की माझ्याशी बोलायचं नाही?"

हसू दाबत मी ओठांवर बोट ठेवलं आणि चर्चच्या लाकडी मनोऱ्याकडे पाहिलं. ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या शनिवारी आमचं अख्खं बेट दुपारपासून संध्याकाळची घंटा होईपर्यंत मौन पाळतं. बटाटे काढणं चालू असतं, चुली पेटलेल्या असतात, मेंढ्या ओरडत असतात. माणसं तेवढी गप्प.

त्याच्या डोक्यात एकदम उजेड पडला. "अरे हो, मौनाचा शनिवार! बाबा सांगायचे..." मग तो गालातल्या गालात हसला. "म्हणजे आता मी काहीही बोललो तरी तुम्हाला उत्तर देता येणार नाही?"

मी डोळे वटारले.

"तुमचं नाक फार सुंदर आहे," तो म्हणाला. "थंडीनं बीट झालंय त्याचं... पण सुंदर." आणि शीळ घालत टेकडी चढायला लागला!

घंटा झाली आणि मी तडक दोमितिला मावशींचं घर गाठलं. तो चुलीपाशी बटाटे किसत बसला होता.

"माझ्या नाकाबद्दल बोलायचा अधिकार तुला दिला कोणी?"

"अगंबाई!" तो आत्याकडे वळला. "आत्या, हिला आवाज आहे. आणि केवढा!"

मावशी खाटेवर हसून हसून कळवळल्या. महिन्यापूर्वी त्या शेवाळावरून घसरल्या होत्या, कमरेचं हाड मोडलं होतं. हा त्यांचा भाचा, अबेल. दक्षिणेला पुंता अरेनास बंदरात, जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर इंजिन सांभाळायचा. ईस्टरपर्यंत रजा होती, आणि जाताना आत्याला बरोबर न्यायचं त्याच्या मनात होतं.

"मी नाही यायची," मावशी म्हणाल्या. "तिथं माझ्यासाठी प्रार्थना कोण करणार? तू?"

अबेलनं बटाटा जरा जास्तच जोरात किसला.

आमच्या बेटावर फादर वर्षातून दोनतीनदाच येतात. एरवी चर्च सांभाळायचं काम फिस्कालचं. प्रार्थना सांगायच्या, आजाऱ्याच्या उशाशी बसायचं, मेलेल्याला पोचवायचं. माझे एवारिस्तो मामा बेटाचे फिस्काल होते. त्यांनीच मला वाढवलं, त्यामुळे सगळ्या प्रार्थना मला बोलायला लागल्यापासून पाठ.

पहिल्या शुक्रवारी अबेलनं मला मावशींच्या फाटकाशीच गाठलं.

"आज सगळ्यांचा उपास म्हणे. पोट रिकामं ठेवून देवाला काय मिळतं गं?"

"देवाला काही नाही मिळत," मी म्हटलं. "थांब जरा."

दुपारी एकेक जण येऊ लागला. कुणाच्या हातात शिंपल्यांचं कालवण, कुणाकडे गरम मिल्काओ — आमच्या किसलेल्या बटाट्याच्या जाड भाकऱ्या. ज्यानं त्यानं आपलं दुपारचं जेवण मावशींच्या टेबलावर ठेवलं, खाटेशी उभं राहून मावशींबरोबर प्रार्थना म्हटली आणि रिकाम्या पोटी शेतावर गेला. हेरिबेर्तो काकासुद्धा आले. बेटावरचे सगळ्यात तिरसट गृहस्थ. मासा ठेवला आणि "काटे बघून खा" असं खेकसून गेले.

अबेलनं टेबलावरची भांडी एकेक करून झाकली.

"हे... दर शुक्रवारी?"

"जो आजारी असेल त्याच्याकडे. मागच्या वर्षी आमच्याकडे होतं."

त्या दिवशी तो जेवला नाही. संध्याकाळी त्याचं पोट एवढ्यांदा गुरगुरलं की चर्चमध्ये पुढच्या बाकावरच्या बायका वळून बघायला लागल्या.

"भूक लागलीय," तो पुटपुटला.

"लागणारच. उपास आहे तो!"

मग तो रोजच यायला लागला. शनिवारी आम्ही म्हाताऱ्यांसाठी सरपण फोडायचो, मौनातच. तो कुऱ्हाड चालवायचा, मी मोळ्या बांधायचे. शब्द नाहीत... आणि तरी किती बोलणं व्हायचं! माझ्या केसातला लाकडाचा कपचा त्यानं अलगद काढला, तेव्हा मी मोळीला गाठ मारायचीच विसरले. सगळी लाकडं पायावर. आम्ही दोघं तोंडावर हात दाबून हसलो, आणि कुंपणापलीकडून हेरिबेर्तो काकांनी आमच्याकडे असं पाहिलं, जणू हसणं म्हणजे मौन मोडणंच.

रात्रीच्या जेवणाआधी सगळे चर्चमध्ये गोल बसायचे. ज्यानं त्यानं दुसऱ्यासाठी काय मागायचं ते मोठ्यानं मागायचं. अबेल पाळी आली की मान हलवायचा. एकदा मात्र तो उभा राहिला. टोपी हातात चुरगाळत म्हणाला, "आत्याला चालता येऊ दे... इथेच, तिच्या घरात." मावशींना न्यायचा विषय त्यानंतर निघाला नाही.

पवित्र आठवड्यात वादळ आलं. बंदर बंद, लाँच बंद, फादर मोठ्या बेटावरच्या कास्त्रो गावातच अडकले. आणि नेमका मामांचा घसा बसला. खोकून खोकून आवाज असा गेला की पाणी मागायलाही हात करावा लागे.

गुड फ्रायडेच्या सकाळी माणसं चर्चच्या दाराशी जमली. क्रूस घेऊन टेकडी चढायची, ठिकठिकाणी थांबून प्रार्थना. पण सांगणार कोण?

मामांनी फिस्कालचा लाकडी क्रूस सरळ माझ्या हातात दिला.

"हिनं?" हेरिबेर्तो काका कडाडले. "घरात रोझरी म्हणणं वेगळं. टेकडीवर, एवढ्या वाऱ्यात, पुरुषाचा आवाज लागतो! आजवर कुणी बाईनं सांगितलीय?"

मी क्रूस छातीशी घट्ट धरला. अबेल हळूच माझ्या बाजूला सरकला.

"भीती वाटते?"

"हो," मी म्हणाले. "आवाज फुटला नाही तर?"

"एका नाकापायी आत्याच्या घरात येऊन केवढी गरजलीस," तो म्हणाला. "आज तर सगळ्या बेटासाठी आहे." आणि एवढं बोलून गेला की कुठेतरी निघून!

मी एकटीच पुढे झाले. पहिल्या थांब्यावर प्रार्थना सुरू केली. आवाज कापला... वाऱ्यानं निम्मे शब्द उडवून नेले. माझं म्हणून झालं. आता सगळ्यांनी उत्तर द्यायचं. पण सगळे हेरिबेर्तो काकांकडे बघत उभे.

तेवढ्यात मागून उत्तर आलं. म्हातारा, खणखणीत आवाज.

दोमितिला मावशी! खुर्चीत बसलेल्या, घोंगडीत गुंडाळलेल्या. खुर्ची दोन वाशांवर बांधलेली. पुढे अबेल आणि मावशींचा शेजारी, मागे आणखी दोघं, घोट्यापर्यंत चिखलात.

"थांबलीस का गं, यास्ना?" मावशी ओरडल्या. "सांग पुढचं!"

मी सांगितलं. या वेळी आवाज कापला नाही. एकेक थांबा वर चढत गेलो, आणि प्रत्येक थांब्यावर उत्तर देणारे वाढत गेले. माझी पाठ ताठ होत गेली. हे सगळे माझे होते. शुक्रवारी उपाशी राहणारे, शनिवारी गप्प राहणारे, एकमेकांसाठी मागणारे. आणि त्यांचे शब्द आज माझ्या तोंडून निघत होते. टेकडीच्या माथ्यावर, शेवटच्या प्रार्थनेला, हेरिबेर्तो काकांनी टोपी काढली. सगळ्यांत मोठं उत्तर त्यांचं होतं.

ईस्टरला ऊन पडलं. चर्चसमोरच्या हिरवळीवर टेबलं मांडली, कोकरू भाजलं, अकॉर्डियन सुरू झालं. आता वय झालं म्हणून मामांनी क्रूस परत घेतला नाही, आणि बेटानं मला नवी फिस्काल निवडलं. नाव पुढे केलं हेरिबेर्तो काकांनीच! "आवाज पोचतो हिचा," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अबेलची लाँच होती. दिवसभर मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते. तो मात्र टोपी काढून सरळ मामांसमोर जाऊन उभा राहिला.

"मामा, बेटाच्या रीतीनं विचारतो. मला यास्नाशी लग्न करायचंय. फिस्कालची परवानगी लागते ना?"

अकॉर्डियन मध्येच थांबलं.

मामा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "लागते की. पण मी कुठं आता फिस्काल?" आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

सगळं बेट माझ्याकडे वळलं. अबेलचे कान लालभडक झाले.

"फिस्कालबाई..." तो माझ्यासमोर आला. "परवानगी आहे?"

मी मान ताठ ठेवली. "मुलगा करतो काय?"

"टगबोटीवर आहे. हिवाळा लागेपर्यंत करार आहे. मग इथे येऊन होड्यांची इंजिनं दुरुस्त करेन म्हणतो."

"मुलगी बेट सोडणार नाही."

"तिनं सोडू नये. मीच येतोय."

"आणि तोवर ती खिडकीत बसून वाट बघणार नाही. तिला कामं आहेत. अख्खं बेट सांभाळायचंय."

"माहीत आहे," अबेल म्हणाला. त्याचा आवाज जरासा ओला झाला होता, पण डोळ्यांत केवढा अभिमान! "म्हणून तर मागणी घालतोय."

"परवानगी आहे!" मी म्हणाले, आणि ते पार समुद्रापर्यंत ऐकू गेलं असणार. टाळ्या, शिट्ट्या, मावशींचं रडणं, सगळं एकदम.

ते फिस्कालचं उत्तर झालं. यास्नाचं उत्तर मी जवळ जाऊन, टाचा उंचावून, त्याच्या कानात सांगितलं. काय सांगितलं... ते हेरिबेर्तो काका अजून विचारतात.