तुदोसेचा पायजमा

यकृतावर डाग दिसला म्हणून सर्जनने मला एमआरआयला पाठवलं. चित्र स्वच्छ आलं तर बघू, नाहीतर पोट फाडून बघू, असं तो पावाचे काप करायच्या गोष्टी बोलाव्यात तसं बोलला.

अंगावर धातू चालत नाही. म्हणून मी शेजारच्या व्हेटाबाईने दिलेला नाडीचा पायजमा-सदरा घातला. आमच्या ब्राइला शहरात मेलेल्याचे कपडे जिवंतांना देतात. घेणाऱ्याने ‘देव त्याला क्षमा करो’ म्हणायचं, मग ते कपडे त्याला परलोकात पोचतात. मी शिकलेला माणूस. नुसतं ‘आभारी आहे’ म्हणालो. तिचा नवरा तुदोसे कफाने गुदमरून गेला होता. सदरा धुतलेला होता, पण कॉलर लाळ वाळल्यासारखी कडक होती.

तंत्रज्ञ ओटिलियाने पोटावर श्वास मोजणारा पट्टा आवळला. श्वास सोडा, धरा. मी धरला. तरी चित्र हललं; एका यकृतामागे फिकट यकृतांची रांग लागली होती.

“काका, तुम्ही श्वास घेताय.”

मी नाही म्हणालो.

“सरकारी नोकरीत होतात ना? काहीही न करता पडून राहणं तरी जमायला हवं.”

पुन्हा धरला. धरलेल्या छातीत काहीतरी ओलं खुळखुळलं. घशात कोमट, चिकट गोळा वर आला. त्याला तंबाखूची चव होती. मी जन्मात तंबाखू ओढलेली नाही. यंत्राच्या त्या नळीत थुंकणार कुठे? गिळला. तो सावकाश, रेंगाळत उतरला.

चित्र पुन्हा बिघडलं. मग ओटिलिया म्हणाली, नेहमीसारखा श्वास घ्या. श्वास सोडून पोट थांबलं की यंत्र तेवढ्यातच चित्र टिपेल. मी मन लावून श्वास घेत राहिलो.

चित्र आरशासारखं आलं. सर्जन खूश; डाग म्हणजे पाण्याचा निरुपद्रवी फोड निघाला. सुरी टळली.

ओटिलिया मात्र कपडे बदलायच्या खोलीपर्यंत मागे आली.

“काका... पट्टा घट्ट होता. मी स्वतः पाहिला. शेवटच्या वेळी पडद्यावर त्याची श्वासाची रेघ सरळच होती. तुम्ही श्वासच घेतला नाहीत...”

“मग चित्र एवढं नीट कसं आलं?”

“म्हणूनच नीट आलं.”

मी पोटावर हात ठेवला. ते संथपणे खालीवर होत होतं. मी मात्र तिचं बोलणं सुरू झाल्यापासून श्वास रोखून उभा होतो.