मंगळवारची रांग

या, जरा पुढे सरकून बसा. बुवांची कॉफी अजून संपलेली नाही, मृदंगही लागायचा आहे. तोवर एक गोष्ट सांगते. प्रेमाची आहे... आणि शेवट गोड आहे, ते आधीच सांगून ठेवते, म्हणजे मधे कुणी जीव टांगून बसायला नको.

तमिळ मुलखातल्या आम्हा मराठी माणसांची इथली कीर्तन सभा तुम्हाला ठाऊकच आहे. कार्तिकातल्या उत्सवाच्या शेवटच्या दिवशी सभा गावातल्या एका सेवामंडळाचा सन्मान करते. एक शाल आणि सहीशिक्क्याचं एक पत्र. रीत अशी, की नुसत्या अर्जावर विसंबायचं नाही. सभेचं एक माणूस ओळख न देता तीनदा जाऊन बघतं. मंडळाचं काम काय, तेही त्याला सांगत नाहीत. फक्त जागा आणि वेळ. जे दिसेल ते लिहायचं, आणि ते टिपण उत्सवात सगळ्यांसमोर जसंच्या तसं वाचलं जातं. टिपणाच्या तळाशी एक रकाना असतो: ‘मंडळाशी नातं’. नातं निघालं, तर टिपण बाद.

त्या वर्षी हे काम सौम्याकडे आलं. शाळेत गणित शिकवणारी, सव्वीस वर्षांची, खोटं बोलायला गेली की कान लाल होणारी. चिटणीस कृष्णमूर्तिमामांनी तिला चिठ्ठी दिली. डोळ्यांचा धर्मादाय दवाखाना, मंगळवार, सकाळी सहा.

सहालाच रांग फाटकाबाहेर वळली होती. सौम्याच्या पुढे एक उंच तरुण, खांद्याला छत्री अडकवलेली. दोन तास तो शांतपणे उभा राहिला. खिडकी आली, आणि हा बाजूला झाला. कडुनिंबाखालच्या बाकावरून एक म्हातारे आजोबा उठले आणि त्याच्या जागेवर येऊन टोकन घेऊन गेले.

सौम्याच्या मनात शिस्तीचं गणित उसळलं. घराबाहेर आम्ही सगळे तमिळच बोलतो, आणि मराठी कुणाला कळत नाही या भरवशावर आजवर किती जणांना काय काय म्हणून बसलो आहोत, देव जाणे. ती पुटपुटली, “बघा कसा घुसवतो. लाज विकून खाल्ली आहे.”

“विकली नाही,” तो मागे न बघता मराठीतच म्हणाला. “घरी ठेवून येतो. इथे तिला उभं राहायला जागा नसते.”

मग वळला. सौम्याचे कान... सांगायला नकोच.

त्याचं नाव श्रीवत्स. दारासुरमला रेशमी साड्यांच्या काठांची नक्षी संगणकावर काढायचा. ते आठ जण होते. ज्यांच्याने उभं राहवत नाही त्यांच्यासाठी आळीपाळीने रांगेत उभे राहायचे. एका माणसाने एकच जागा धरायची आणि एकालाच द्यायची. बस्स, एवढंच मंडळ.

“आणि तुम्हाला काय होतंय डोळ्यांना?” त्याने विचारलं.

“पेपर तपासून दुखतात,” ती म्हणाली. ते खरंच होतं.

दुसऱ्या मंगळवारी बारीक सर आली. छत्री एक, माणसं दोन — आणि मधे एक आजीबाई, म्हणजे दोघांचे बाहेरचे खांदे भिजले.

“डॉक्टर काय म्हणाले?”

“परत या म्हणाले.”

“हुशार आहेत. मीही तेच म्हणालो असतो.”

सौम्याने पदर सावरला, खरं तर तो सावरलेलाच होता. मग हसू बाजूला ठेवून त्याने आपली काळजी सांगितली. जागा विकणारे दलाल शिरल्याची कुणीतरी तक्रार केली होती. कोण दलाल आणि कोण सेवेकरी, हे दवाखान्याला कसं कळावं? गावातल्या एखाद्या जुन्या संस्थेने लिहून दिलं, तरच कार्तिकानंतर यांना उभं राहू देणार होते.

“कीर्तन सभेचं पत्र मिळालं तर निभेल. कुणीतरी बघायला येणार म्हणे. मोठ्या मिशांचा एखादा मामा असेल...”

मिशांचा मामा छत्रीखाली ओठ चावत उभा होता.

“पण हे सुरू कशाला केलंत तुम्ही?” तिने विचारलं.

त्याने छत्री आजीबाईंकडे जरा झुकवली आणि सांगितलं. तीन वर्षांपूर्वी तो चष्म्याचा नंबर काढायला इथे आला होता. दिवसातलं शेवटचं टोकन त्याला मिळालं. त्याच्या मागे चोळपुरमच्या गंगाबाई होत्या, सलग तिसऱ्यांदा आलेल्या. त्या पिशवी उचलून बसथांब्याकडे परतल्या. हे सगळं त्याला पुढे कळलं, आणि त्यांचा एक डोळा गेला हेही.

“मी मागे वळून बघितलंच नव्हतं,” श्रीवत्स म्हणाला.

त्या क्षणी सौम्याच्या मनात काय झालं, ते तिला घरी जाईपर्यंत कळलं नाही. घरी कळलं.

तिसऱ्या मंगळवारी निघताना तो म्हणाला, “पुढच्या आठवड्यात?”

“डोळे बरे झाले माझे.”

“माझे बिघडलेत. मंगळवार सोडून दुसरा वारच दिसत नाही...”

ती फाटकाकडे वळली. तीन फेऱ्या झाल्या होत्या. घरी टिपण सुरेख उतरलं आणि तळाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. ‘काही नाही’ लिहावं, तर कीर्तनं ऐकत वाढलेली ही मुलगी देवासमोर खोटी ठरते. खरं लिहावं, तर टिपण बाद, पत्र नाही, आणि त्या बाकावरची म्हातारी माणसं पुन्हा उन्हात.

तिने लिहिलं: ‘नातं आजवर नाही. पण मनात आहे. म्हणून माझ्या फेऱ्या मोजू नयेत.’

कृष्णमूर्तिमामांनी वाचलं, चष्मा काढून पुसला आणि टिपण बाद झालं एवढंच म्हणाले. त्यानंतरचे तीन मंगळवार सौम्या दवाखान्याकडे फिरकली नाही. कुठल्या तोंडाने जाणार?

उत्सवाचा शेवटचा दिवस आला. मंडप भरलेला. पाच-सहा मंडळांना बोलावणं होतं, त्यात हे आठ जणही. सौम्या दारातच घुटमळत होती, तर सतरंजीवर एका ठिकाणी आडवी ठेवलेली छत्री दिसली, आणि तिच्या शेजारी तो.

“तुमचीच जागा आहे,” त्याने छत्री उचलली. “तीन आठवडे धरून ठेवलीय.”

ती बसली, आणि मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. मिशांचा मामा मीच, टिपण बाद माझ्यामुळेच झालं, तुमचं पत्र गेलं.

“पण बाद का झालं?” त्याने विचारलं. “काय लिहिलंत असं?”

तेवढ्यात भोंगा खरखरला. कृष्णमूर्तिमामा टिपण वाचायला उभे राहिले, आणि टिपण होतं अलमेलुअत्तेंचं. सौम्याच्या माघारी मामांनी या आत्याबाईंना, सभेतल्या सगळ्यांत कडक बाईंना, तीन सकाळी रांगेत पाठवलं होतं. मामा आख्यान लावल्यासारखे चालीत वाचत होते:

“पहिल्या दिवशी मी त्यांना दलाल म्हणून ओरडले. त्यांनी बसायला बाक दिला. दुसऱ्या दिवशी जागेबद्दल पैसे पुढे केले. घेतले नाहीत. तिसऱ्या दिवशी खरोखरच गुडघे दुखत होते. माझ्यासाठी उभा राहिलेला मुलगा सारखा फाटकाकडे बघत होता, तरी त्याने जागा सोडली नाही. सन्मान यांनाच द्यावा.”

टाळ्या पडल्या. सौम्याने इतका वेळ धरलेला श्वास सोडला आणि तिचे डोळे भरून आले. पण मामांना रीतीप्रमाणे शेवटचा रकानाही वाचायचा होता.

“मंडळाशी नातं. माझं काही नाही. आमच्या सौम्याचं पुढेमागे होईल, तेव्हा मला जेवायला बोलवावं.”

मंडपभर हसू पसरलं. सौम्याचे कान तुम्ही ओळखलेच असतील.

श्रीवत्स तिच्याकडे जरा झुकला. मग हळूच म्हणाला, “माझ्या रकान्यात काय आहे, विचारणार नाही?”

“काय आहे?”

“तेच. पहिल्या मंगळवारपासून...”

सभेचं पत्र दवाखान्यात लागलं. रांग आजही चालू आहे. मंगळवारी आता दोघं उभी असतात. लग्नात अलमेलुअत्ते दोनदा जेवल्या.

ते बघा, बुवा उठले. एवढंच करा माझ्यासाठी. उद्या कुठे रांगेत उभे राहाल, तर एकदा मागे वळून बघा, आणि चोळपुरमच्या गंगाबाईंची आठवण ठेवा.